बुधवार वगळून

४ जानेवारी, रविवार

या वहीतून मला एक विधान सिद्ध करायचे आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाचे सुख चार गोष्टींवर अवलंबून असते: वेळेवर औषध, पुरेसे अन्न, पुरेशी झोप आणि शांतता. या चार साधल्या की मन आपोआप ताळ्यावर येते. त्यासाठी निराळी खटपट करावी लागत नाही. चौतीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. नुसत्या मतावर कोणाची सुटका होऊ दिली नाही, तेव्हा स्वतःचीही होऊ देणार नाही. जो पुरावा मिळेल तो येथे लिहीन. माझ्या विरुद्ध असला तरी.

विधान ज्याच्याविषयी आहे तो माझा धाकटा भाऊ. वय चोपन्न, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. सार्वजनिक तरणतलावावर तो पोहायला शिकवीत असे. गेल्या ऑक्टोबरात त्याला दिसेनासे होऊ लागले आणि डोळ्यांच्या तपासणीतून मूळ आजार कळला. डावा डोळा गेला. उजव्याने उजेड आणि आकार कळतात, अक्षर कळत नाही. संसर्ग कसा झाला हे मी विचारलेले नाही. उपचाराच्या दृष्टीने तो प्रश्न अप्रस्तुत आहे.

रुग्णालयातून सोडताना 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात माझी सही झाली आणि मी त्याला माझ्याकडे आणले. त्याआधी सोळा वर्षे तो आणि तलावाच्या पंपघरात काम करणारा एक गृहस्थ एका खोलीत भागीने राहत होते. त्या दिवशी तो गृहस्थ भावाची पिशवी धरून माझ्यामागे उभा होता. पिशवी माझ्या हाती देताना म्हणाला, "तुमच्याकडे जास्त नीट राहील, अक्का. माझ्या पाळ्या असतात." युक्तिवाद बिनचूक होता.

७ जानेवारी, बुधवार

बुधवारी तलाव धुण्यासाठी बंद असतो, म्हणून पंपघरातला गृहस्थ बुधवारी येतो. भाऊ त्याला 'पंपवाल्या' म्हणतो आणि तो भावाला 'मास्तर'. त्याच्या कपड्यांना क्लोरीनचा वास येतो. तो गेल्यावरही बैठकीच्या खोलीत तासभर राहतो.

"मास्तर, पोट सुटलं की! अक्का काय खायला घालतात?"

"वेळापत्रक," भाऊ म्हणाला. दोघे हसत सुटले.

मग तलावाच्या बातम्या. नवा शिक्षक पाण्यात उतरतच नाही, काठावरून शिट्ट्या मारतो. "पोरं म्हणतात, सर, तुम्हाला येतं का ते आधी दाखवा. परवा एका आजीबाईंनी ढकललाच त्याला."

"खोटं."

"अर्धं खरं. ढकलणार होत्या, मी हात धरला. आता वाटतं, कशाला धरला!"

यानंतर त्याने भावाचा हात मांडीवर घेऊन नखे कापली. नखे मी दर शनिवारी कापते. चार दिवसांत पुन्हा कापण्याचे कारण नव्हते.

एक प्रतिकूल नोंद, माझ्याविरुद्ध. कपाने, ताटाने, स्पर्शाने हा विषाणू पसरत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. मी ते चार जणांना पटवलेही आहे. तरीही दोघांचे कप धुताना माझ्या कपापासून वेगळे ठेवलेले मला आढळले. ठेवणारी मीच. सर्व कप पुन्हा एकत्र केले.

१३ जानेवारी, मंगळवार

भावाची औषधे जिथून मिळतात त्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी जीवनमानाची प्रश्नावली दिली आहे. एकतीस प्रश्न, दर तीन महिन्यांनी. प्रत्येकाला एक ते पाच गुण. भावाला वाचता येत नसल्याने वाचणे आणि खूण करणे माझ्याकडे.

"'गेल्या दोन आठवड्यांत तुमच्या आयुष्याला अर्थ आहे असं कितपत वाटलं?'"

"उद्या बुधवार ना? मग चार."

"वाराचा काय संबंध?"

"परवा विचारलंस तर दोन सांगीन."

"उत्तर वारावर अवलंबून असेल तर ते उत्तरच नव्हे. बुधवार वगळून सांग."

त्याने तोंड खिडकीकडे वळवले. "बुधवार वगळून काय उरतं, अक्का?"

"सहा दिवस."

चारवर केलेली खूण खोडली आणि चार आणि दोन यांची सरासरी म्हणून तीनवर केली.

"'जवळच्या व्यक्तींशी असलेल्या संबंधांबाबत तुम्ही कितपत समाधानी आहात?'"

"यात तू येतेस का?"

"व्याख्या दिलेली नाही."

"तुला धरून चार. न धरता पाच."

चार लिहिले. तो विनोद करीत होता असे मी धरते.

२१ जानेवारी, बुधवार

आज गंभीर प्रकार झाला. पंपवाला सकाळी साडेसहालाच आला आणि 'जरा पाय मोकळे करून आणतो' म्हणून भावाला घेऊन गेला. भावाची गोळी आठला असते. परतले आठ चाळीसला. भावाची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि तो लहान मुलासारखा बोलत सुटला होता.

"अक्का, तलाव उपसलेला होता. एका कोपऱ्यात पाणी राहिलं होतं तेवढंच. मी तळावर चाललो! मला सगळ्या फरशा पायांना आठवतात. सहाव्या रांगेतली फुटकी अजून तशीच आहे."

"गोळी?" मी विचारले.

"आठ वाजता दिली," पंपवाला म्हणाला. "माझ्याबरोबरच. एका बाटलीतलं पाणी प्यालो दोघं." आणि शर्टाच्या खिशातून त्याने डबी काढून दाखवली. त्याच गोळ्या, त्याच रंगाच्या.

म्हणजे तोही त्याच औषधावर आहे. दोघे एका खोलीत राहत असल्याने हा योगायोग नसावा असे क्षणभर मनात आले. परंतु कारणाचा शोध हा या वहीचा विषय नाही.

गोळी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. माझ्याकडच्या डब्यात आज एक जास्त आहे. आजच्या रकान्यात 'अनिश्चित' लिहिले. सतरा दिवसांतील पहिला डाग.

२९ जानेवारी, गुरुवार

चार गुरुवारांचा तक्ता मांडला. चारही गुरुवारी भाऊ उशिरा उठला, जेवण निम्मे टाकले, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडला. त्यांपैकी दोनदा रडला. इतर दिवशी असे होत नाही. इतर दिवशी तो शांत असतो. प्रत्येक गुरुवारच्या आधी भेट आहे. भेटीखेरीज दुसरा कोणताही बदल नाही. निष्कर्ष टाळता येत नाही: भेटी त्याला मानवत नाहीत.

एक घटक बाजूला काढून परिणाम पाहणे हाच मार्ग. पुढची तपासणी एप्रिलात आहे. तोवर, म्हणजे तीन महिने, भेटी बंद ठेवाव्यात.

कोणी शंका घेऊ नये म्हणून हेही नोंदवते की या निर्णयात मत्सराचा भाग नाही. बुधवारी मी स्वयंपाकघरात बसते, कारण त्यांच्या बोलण्यात मला रस नाही. हसणे ऐकू येते, शब्द येत नाहीत.

४ फेब्रुवारी, बुधवार

दारातच त्याला थांबवले. भाऊ आंघोळीला गेला होता. मी तक्ता दाखवला, तर्क समजावला आणि तीन महिने येऊ नये, फोनही करू नये, अशी विनंती केली. त्याने तक्ता बराच वेळ पाहिला.

"यात मी कुठे आहे, अक्का?"

"हा रकाना. 'बाह्य घटक'."

"घटक." तो हसला. "बरं. पंपघरात वीस वर्षं काढली, मला कुणी एवढं मानाचं नाव दिलं नव्हतं." मग हसू गेले. "मी आल्यानं त्याला खरंच त्रास होतो?"

"आकडे तसे सांगतात."

"तो काही म्हणाला?"

"त्याला विचारलं तर उत्तर निःपक्षपाती येणार नाही."

त्याने चपला काढल्या होत्या, त्या पुन्हा घातल्या. "तुम्ही शिकलेल्या आहात. त्याच्या जिवासाठी असेल तर मी शब्द देतो. पण त्याला सांगायचं काम तुमचं. माझ्याच्यानं नाही होणार." जिन्यावरून पुन्हा दोन पायऱ्या वर आला. "गुळण्या करताना त्याला ठसका लागतो. पाणी कोमट द्या."

न्हाणीघरातून भाऊ ओरडला, "पंपवाल्या, आलास का रे?"

मी सांगितले, "तो काही आठवडे येणार नाही."

तो ओल्या केसांनी बाहेर आला. "का?"

"तसं ठरलं."

"कुणाचं? त्याचं?"

"त्यानं मान्य केलंय."

प्रत्येक शब्द खरा होता. तो पंचा धरून उभा राहिला. "निदान आत येऊन सांगायचं," असे म्हणाला. मी उत्तर दिले नाही, कारण तो प्रश्न नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण पूर्ण. झोप आठ तास. रडणे नाही. काल बुधवार असूनही आजचा दिवस इतर दिवसांसारखाच गेला. अनुकूल.

११ मार्च, बुधवार

सकाळी भावाने मला फोन लावून द्यायला सांगितला. मी अडवले नाही. वचन माझ्याकडून नव्हते, त्याच्याकडून होते. घंटा शेवटपर्यंत वाजली. त्याने पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी विचारले तर म्हणाला, "राहू दे. आंधळा माणूस कुणाला हवाय. मी पण नसतो आलो."

पंपवाल्याने शब्द पाळला. मला त्याच्याविषयी आदर वाटला. अशी माणसे कमी.

भावाच्या वाक्यातील शेवटचा भाग खरा नसावा असेही वाटले. त्याच क्षणी सर्व सांगून टाकावे असा विचार आला. पण प्रयोग अर्ध्यावर सोडला तर अर्ध्याचाही उपयोग राहत नाही. कोमट पाणी दिले.

२१ एप्रिल, मंगळवार

निकाल आले. विषाणूभार मोजता येणार नाही इतका कमी. प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी एकशे चाळीसवरून तीनशे दहा. वजन चार किलोंनी जास्त. डॉक्टरांनी मला उद्देशून म्हटले, "घरची काळजी असावी तर अशी." फेब्रुवारीपासून एकही गोळी चुकलेली नाही, एकही 'अनिश्चित' नाही.

संध्याकाळी प्रश्नावली भरली. वीस मिनिटांत झाली; गेल्या वेळी दोन तास लागले होते. भावाने कोणत्याही प्रश्नाला फाटे फोडले नाहीत. सर्व उत्तरे प्रथमच परस्परांशी सुसंगत आहेत. प्रत्येक उत्तर 'तीन'.

विधान जवळजवळ सिद्ध झाले आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत बोलावले. चाळिशीच्या आहेत, बोलताना समोरच्याची नजर सोडत नाहीत. टेबलावर भावाची प्रश्नावली होती.

"एकतीसच्या एकतीस तीन, मॅडम. तुम्हाला काय वाटतं?"

"सातत्य."

"मला वाटतं, त्यांनी दार लावून घेतलंय. विद्यार्थ्यानं सगळ्या प्रश्नांना तोच पर्याय निवडला तर तुम्ही काय म्हणायचात?"

"अभ्यास केलेला नाही, असं."

"इथे प्रश्नच ऐकलेला नाही." त्यांनी जानेवारीचा कागद शेजारी ठेवला. "यात तीनच्या खाली खोडलेला चार दिसतो. इथे दोन. हा माणूस हेलकावे खात होता. हेलकावे खाणारा माणूस जिवंत असतो. ही गोळी मी एकोणीस वर्षं घेतेय. पहिली दोन वर्षं माझे रिपोर्ट इतके सुंदर होते की मला कुणी काही विचारलंच नाही. घरी येतं कोण त्यांच्याकडे?"

"कोणीही नाही," मी म्हणाले, आणि हे मी अभिमानाने म्हणत आहे हे माझ्या ध्यानात आले.

"आधी?"

मी तक्त्याविषयी सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही टोकले नाही. शेवटी एवढेच विचारले, "गुरुवारी ते रडायचे ते भेट झाली म्हणून, की संपली म्हणून?"

मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला पहिल्याच महिन्यात हे शिकवीत असे. एकामागून एक घडते म्हणून एकामुळे दुसरे घडते असे नाही. फळ्यावर लिहून देत असे. मुले वहीत उतरवून घेत.

४ मे, सोमवार

मुदत आज संपली. मुदतीआधी बोलावणे शब्दाला धरून झाले नसते, म्हणून शुक्रवारपासूनचे हे दहा दिवसही मी थांबले. सकाळी नऊला फोन लावला. बंद.

तलावावर गेले. मुलांचा गलका, ओल्या फरशा, तोच वास. पंपघरात दुसराच माणूस गाळणीचे चाक फिरवत होता. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितले, "ते? मार्चमध्येच सोडून गेले. तडकाफडकी. आम्ही म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, माझा त्रास होतो लोकांना."

"कुठे गेले?"

"कोण सांगणार? त्यांचं मास्तरांशिवाय होतं कोण? मास्तर बरे आहेत ना? तुम्ही त्यांच्या...?"

"जवळची नातेवाईक," मी म्हणाले.

त्यांच्या खोलीवरही गेले. नवे बिऱ्हाड आहे. आतली बाई म्हणाली, सामान फारसे नव्हतेच. एक पलंग तेवढा मागे ठेवून गेले, मोठा, दोन माणसांचा.

मी परतीच्या वाटेवर एका बाकावर बसले. किती वेळ ते नोंदवलेले नाही.

५ मे, मंगळवार

सकाळी आठची गोळी झाल्यावर भावाला सर्व सांगितले. क्रमाने, काहीही न गाळता. तक्तादेखील वाचून दाखवला. तो ओरडेल अशी माझी अपेक्षा होती.

"म्हणजे तो सोडून गेला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"तू त्याला सांगितलंस, माझ्यामुळे मास्तर आजारी पडतो."

"भेटींमुळे, असं म्हणाले."

"आणि मला वाटलं, माझ्या डोळ्यांमुळे तो." त्याने हाताने टेबलाची कड चाचपली. "नव्वद दिवस मी त्याला शिव्या दिल्या, अक्का. मनातल्या मनात. एकेक आठवून. तुला येणारसुद्धा नाहीत."

"माझा हेतू..."

"ठाऊक आहे. तुझा हेतू नेहमी चांगलाच असतो. त्यावर बोलताच येत नाही." त्याने गोळ्यांचा डबा जवळ ओढला. "तो गोळ्या विसरतो. पहिल्यापासून. आठ वाजले की मी हाक मारायचो, म्हणून घ्यायचा. आमच्या खोलीत घड्याळ मी होतो. आता कोण मारतंय हाक?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, धरलाही नाही.

आज त्याने जेवण टाकले. सीडी-फोर तीनशे दहा आहे.

७ मे, गुरुवार

काल आम्ही दोघे केंद्रात गेलो. पंपवालाही तिथूनच औषध नेत असे, हे भावाला माहीत आहे. मी समुपदेशक बाईंना विचारले, तो अलीकडे आला होता का.

"कुणी इथे येतं की नाही, हे मी कुणालाही सांगत नाही, मॅडम. तुमच्या भावाबद्दल उद्या कुणी विचारलं तरी नाही सांगणार."

नियम बरोबर आहे. मी असते तर हाच केला असता. भावाने विचारले, "चिठ्ठी ठेवली तर?"

त्यांनी विचार केला. "बंद पाकीट द्या. त्या नावाचं कुणी औषधाच्या खिडकीशी आलं, तर हातात पडेल. दुसरीकडून औषध घेत असतील तर पडणार नाही. आणि पडलं की नाही, हे मी तुम्हाला कधीही सांगणार नाही. चालेल?"

"चालेल," भाऊ म्हणाला. मला हे सहन होईल का, असे कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच होते.

आज मी मसुदा केला. पावणेचार पाने झाली: पूर्वस्थिती, निरीक्षणे, अनुमानातील दोष, जबाबदारीची विभागणी. भावाला वाचून दाखवला. दुसऱ्या पानावर त्याने हात वर केला.

"अक्का, तो खिडकीशी उभा राहून वाचणार. मागे रांग असेल. कुणी खांद्यावरून डोकावेल. चार पानं?"

"काय गाळू?"

"एकच चूक लिही."

"एकच नाही."

"ठाऊक आहे. पण एकच लिही. त्याला जी कळायला हवी ती."

कोणती ते ठरवायला मला दुपारचे चार वाजले. विधान सिद्ध झाले की नाही याची नोंद मी येथे करणार नाही; आकडे मागच्या पानांवर आहेत, ज्याला हवे त्याने पाहावेत. पाकिटात घातलेल्या चिठ्ठीची नक्कल खाली उतरवून ही वही बंद करते.

*

पंपवाले,

चार फेब्रुवारीला मी तुम्हाला येऊ नका म्हणाले. ते माझे म्हणणे होते, त्याचे नव्हते. त्याला याची कल्पनाही नव्हती. तुम्ही माझ्या सांगण्यावरून थांबलात हे मी त्याला सांगितले नाही, आणि तुम्ही त्याला टाकून गेलात असे तो तीन महिने समजत राहिला. मी समजू दिले. ही चूक माझी आहे. तुमच्या येण्याने त्याला कधीही त्रास झालेला नाही.

खालचे वाक्य त्याचे आहे, मी फक्त लिहिले आहे.

आला नाहीस तरी चालेल, पण आठ वाजले की गोळी घे.

(सही)
अक्का